हेल्मेटची पारख : सायकलचे वेगळे, बर्फाचे वेगळे

व्यापारी घरात कोणतीही वस्तू पारखल्याशिवाय येत नाही. कापड बोटांत चुरगाळून पाहिले जाते, डाळीचा दाणा दाताखाली फोडला जातो, भांड्याला टिचकी मारून नाद ऐकला जातो. पिढ्यानपिढ्या अंगी मुरलेली ही दृष्टी हेल्मेटच्या खरेदीत मात्र फारशी कामास येत नाही. बाकीच्या मालात आपण टिकाऊपणा पाहतो. हेल्मेटचे खरे काम आयुष्यात एखाद्याच वेळी पडते, ते सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकते, आणि त्या कामात हेल्मेट स्वतः मोडते. मोडणे हाच ज्या मालाचा गुण, त्याची पारख करण्याची सवय दुकानदारीने आपल्याला लावलेली नाही.

हा विषय आता घराघरांत आला आहे. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मधल्या काळात अडगळीत गेलेली सायकल गेल्या काही वर्षांत व्यायामाच्या निमित्ताने परतली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत पूर्ण केली, त्यानंतर तर दोनशे आणि तीनशे किलोमीटरच्या दौडींत उतरणाऱ्यांत डॉक्टर, सनदी लेखापाल, व्यापारी असे सगळेच दिसू लागले. दुसरीकडे, सुटीत गुलमर्ग, औली किंवा सोलंगला जाणारी आणि जैन भोजनाची सोय असलेल्या सहलींतून थेट स्वित्झर्लंड गाठणारी कुटुंबेही वाढली. बर्फ केवळ पाहून परतण्याचे दिवस गेले. मुलांना त्यावर घसरायचे असते, आणि वडीलधाऱ्यांनाही 'एकदा करून पाहू' असे वाटते. त्यामुळे कपाटात हेल्मेट असते किंवा लवकरच येणार असते. ते कोणते असावे, हा प्रश्न रंग आणि किंमत यांवर सोडून देण्यासारखा नाही.

आधी ते काम कसे करते ते पाहू. हेल्मेटच्या आत दिसणारा पांढरा किंवा काळा कडक थर हा थर्माकोलच्याच जातीचा फोम असतो. त्याचे नाव एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन, संक्षेपाने ईपीएस. दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यात येणाऱ्या थर्माकोलपेक्षा तो अधिक घट्ट असतो, पण रचना तीच : हवा कोंडलेले बारीक मणी एकमेकांना चिकटवलेले. डोके जमिनीवर आपटते तेव्हा हे मणी चिरडले जातात. चिरडताना थोडे अंतर आणि थोडा वेळ खर्ची पडतो. हेल्मेट आपल्याला देते ते एवढेच, पण हिशेब मांडला तर ते किती मोठे आहे हे कळते.

दीड मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीशी पोहोचताना तिचा वेग ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर असतो. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके साधारण याच उंचीवर असते. उघडे डोके डांबरी रस्त्यावर आपटले आणि ते समजा दोन मिलिमीटर अंतरात थांबले, तर त्यावरील सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट भरतो. तेच डोके दोन सेंटिमीटर फोम चिरडत थांबले, तर धक्का पंचाहत्तर पट. अंतर दहापट, धक्का दहावा हिस्सा. त्रैराशिकाचे साधे उदाहरण आहे. युरोपीय मानकानुसार चाचणीत मोजलेला सर्वोच्च धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या पुढे जाता कामा नये. अमेरिकन मानकात पडण्याची उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पटींची आहे.

या हिशेबात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, चिरडलेला मणी पुन्हा फुगत नाही. एकदा जोराचा फटका बसलेले हेल्मेट वरून अखंड दिसले, रंगाला ओरखडाही नसला, तरी त्या जागचा फोम खर्च झालेला असतो. वठलेला धनादेश दुसऱ्यांदा वटत नाही. काही हेल्मेटांत एक्स्पांडेड पॉलिप्रोपिलीन नावाचा परत आकार घेणारा फोम वापरतात आणि ती अनेक फटक्यांसाठी असल्याचे लेबलवर लिहिलेले असते, पण बाजारातील बहुसंख्य हेल्मेट एका फटक्याचीच. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी चाळीस किलोमीटरने झाडावर किंवा खांबावर आदळणाऱ्या डोक्यात चाचणीतल्या डोक्याच्या चौपटीहून अधिक ऊर्जा असते. दोन-अडीच सेंटिमीटर फोमला ती सगळी पचवता येत नाही.

हेल्मेट निरुपयोगी आहे, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. सायकल हेल्मेटवरील जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी आढळली. नॉर्वेतील आठ स्की केंद्रांवर २००२ च्या हंगामात झालेल्या अभ्यासात हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आता दुसरी बाजू. अमेरिकेतील स्की केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नोंदींनुसार २००२-०३ मध्ये बर्फावर हेल्मेट घालणारे २५ टक्के होते, २०१२-१३ मध्ये ७० टक्के झाले; तरी मृत्यूंची संख्या त्या प्रमाणात खाली आली नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. रोजच्या पडण्यापासून हेल्मेट उत्तम रक्षण करते, बेभान वेगापासून नाही. विम्याच्या पॉलिसीत संरक्षणाची कमाल रक्कम लिहिलेली असते. हेल्मेटच्या बाबतीत ती रक्कम फोमची जाडी ठरवते, आणि ती समजून न घेता उतारावर वेग वाढवणारा माणूस आपल्या पॉलिसीची अट न वाचलेला ग्राहक आहे.

सायकलस्वारांना हे कवच मिळून पन्नासेक वर्षेच झाली. अमेरिकेतील बेल कंपनीने १९७५ मध्ये 'बेल बायकर' हे ईपीएसचे अस्तर असलेले हेल्मेट बाजारात आणले. त्यापूर्वी शर्यतींतले स्वार चामड्याने मढवलेल्या गादीच्या पट्ट्यांची जाळीवजा टोपी घालत. तिने खरचटणे वाचे, मेंदू वाचत नसे. चामड्याचा उल्लेख आला म्हणून येथेच सांगून टाकलेले बरे : आजच्या सायकल हेल्मेटमध्ये कवच प्लास्टिकचे, पट्टे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे आणि आतल्या गाद्या कृत्रिम कापडाच्या असतात. स्कीच्या काही महाग हेल्मेटांत कानाजवळच्या अस्तराला किंवा पट्ट्याला लोकर अथवा चामडे लावलेले असते, तेवढे लेबल पाहून घ्यावे. त्याने सुरक्षिततेत काडीचाही फरक पडत नाही, त्यामुळे चामड्याविना माल निवडताना काही गमावल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

हेल्मेट उपलब्ध झाले म्हणून लोकांनी ते लगेच डोक्यावर चढवले असे मात्र घडले नाही. व्यावसायिक सायकलपटूंचा तर त्याला कडवा विरोध होता. उष्णता होते, वजन वाढते, आमचे डोके आमच्या मर्जीचे, ही त्यांची कारणे. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने सक्ती करू पाहिली, तेव्हा फ्रान्समधील पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनी निषेध केला आणि महासंघाने माघार घेतली. पुढे १८ जुलै १९९५ रोजी टूर द फ्रान्समध्ये पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली पडला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, वय अवघे चोवीस. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि तो वाचला नाही. तरीही नियम झाला नाही. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडून मरण पावला. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यानंतर मे २००३ मध्ये सक्ती आली. आरंभी शेवटच्या मोठ्या चढणीवर हेल्मेट काढण्याची मुभा होती, तीही पुढे गेली. जगातले सर्वांत कुशल स्वार बारा वर्षे जे कारण पुढे करत होते तेच आपल्या गल्लीतला दहावीतला मुलगा पुढे करतो : गरम होते.

गरम होते हे खरेच आहे, आणि सायकलच्या हेल्मेटला भोके असतात ती त्यासाठीच. येथूनच सायकल आणि बर्फ यांचे हेल्मेट वेगळे होऊ लागते. पण खरा फरक भोकांचा नाही, ते कशावर आपटण्यासाठी तपासले आहे याचा आहे. सायकल हेल्मेटचे युरोपीय मानक ईएन १०७८. त्यात हेल्मेट दोन प्रकारच्या ऐरणींवर आपटतात. एक सपाट, म्हणजे रस्ता. दुसरी कोन असलेली, म्हणजे पदपथाची कड. एका नमुन्याला आधी ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, कारण उन्हातले हेल्मेट तितके तापू शकते. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे मानक १९९९ पासून बंधनकारक आहे. त्याची खूण सीपीएससी या अक्षरांनी ओळखावी.

स्कीच्या हेल्मेटचे युरोपीय मानक ईएन १०७७. बर्फावर पदपथ नसतो, म्हणून कडेच्या ऐरणीची चाचणी त्यात नाही. त्याऐवजी वरून टोकदार धातू पाडून तो कवच भेदतो का ते पाहतात. उतारावर स्कीच्या काठीचे टोक, स्कीची धार, खडकाचे टोक, झाडाची वाळलेली फांदी यांचा धोका असतो. हेल्मेट उणे २५ अंशांपर्यंत गारठवून तपासतात. यात अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ वर्गाचे कवच कानांवरूनही कडकच असते आणि भेदण्याची त्याची चाचणी अधिक कठोर असते. ब वर्गात कानांवर मऊ गादी असते. ऐकू अधिक चांगले येते, रक्षण थोडे कमी. सहलीला गेलेल्या नवशिक्यासाठी ब वर्ग पुरेसा ठरतो, कारण मागून येणाऱ्याची हाक आणि प्रशिक्षकाची सूचना ऐकू येणे त्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. अमेरिकन मानकाचे नाव एएसटीएम एफ २०४०.

म्हणून एकाच हेल्मेटमध्ये दोन्ही कामे उरकण्याचा विचार सोडून द्यावा. सायकलचे हेल्मेट बर्फावर नेले तर मोठ्या भोकांतून टोकदार वस्तू आत शिरू शकते, कान आणि मानेवरचा भाग उघडा राहतो, आणि गॉगलचा पट्टा नीट बसत नाही. स्कीचे हेल्मेट मे महिन्यात सिंहगडाच्या चढावर घातले तर पहिल्या दोन वळणांतच ते काढून हँडलला अडकवले जाईल, आणि हँडलला अडकवलेल्या हेल्मेटने कोणाचे डोके वाचत नाही. दोन्ही मानकांना उतरणारी हेल्मेट मिळतात, नाही असे नाही. मात्र तशा हेल्मेटच्या आतल्या लेबलवर १०७७ आणि १०७८ हे दोन्ही आकडे छापलेले असतात. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या चिठोऱ्यावर विश्वास ठेवावा. भारतातील आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हे मानक मोटारसायकल-स्कूटरच्या हेल्मेटसाठी आहे. १ जून २०२१ पासून ते अनिवार्य झाले. घरात स्कूटरचे चांगले हेल्मेट आहे म्हणून मुलाला तेच घालून सायकलवर पाठवणारे पालक आहेत. ते जड असते, मुलाच्या मानेवर भार येतो, आणि घामाने हैराण झालेला मुलगा कोपऱ्यावर वळताच ते काढतो.

गेल्या काही वर्षांत हेल्मेटच्या आत एक पातळ, बहुधा पिवळा सरकणारा थर दिसू लागला आहे. त्याचे नाव मिप्स. स्टॉकहोमच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधक आणि न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट यांनी १९९०च्या दशकात यावर काम सुरू केले. त्यांचा मुद्दा असा की माणूस क्वचितच सरळ डोक्यावर पडतो. बहुधा तिरका पडतो, डोके आपटता आपटता गर्रकन फिरते, आणि कवटीच्या आत मेंदूला पीळ बसतो. हा पीळ मेंदूला विशेष घातक असतो. जुन्या मानकांतील चाचण्या मात्र सरळ आपटण्याच्या. मिप्सचा थर धडकेच्या क्षणी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकतो आणि फिरण्याचा काही जोर खाऊन टाकतो. याच हेतूने इतर कंपन्यांनीही वेगवेगळ्या युक्त्या काढल्या आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटना तिरक्या धडकेत तपासून तारे देते. व्यापाऱ्याला रुचेल अशी बाब म्हणजे त्या यादीत पाच तारे मिळवणारी कित्येक हेल्मेट स्वस्त आहेत, आणि त्यांच्या अनेक पट किमतीची काही मागे पडली आहेत. अधिक पैसे मोजून जे मिळते ते बव्हंशी हलके वजन, वारा आणि दिसणे.

ज्याला खरोखर महत्त्व आहे ते माप, आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. शिंप्याकडची मऊ टेप घेऊन भुवयांच्या वर दोन बोटे, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून असा घेर मोजावा. सेंटिमीटरमध्ये जो आकडा येईल तो हेल्मेटच्या खोक्यावरील आकड्यांशी ताडावा. पण घेर जुळला म्हणजे आकार जुळला असे नाही; काहींचे डोके गोल, काहींचे लांबट. पट्टा न लावता हेल्मेट घालून खाली वाकावे. ते घरंगळले तर मोठे आहे, कपाळाच्या दोन्ही बाजूंना दुखू लागले तर आकार जुळलेला नाही. मागे फिरवायची चकती असते ती आवळून हेल्मेट घट्ट करता येते, म्हणून मोठे घेतले तरी चालेल असे विक्रेता सांगतो. ती चकती बारीक फरक मिटवण्यासाठी आहे; दोन मापांची दरी तिने भरत नाही. घातल्यावर भुवया आणि हेल्मेट यांत दोन बोटांपेक्षा अधिक जागा नसावी. कपाळ उघडे टाकून टोपीसारखे मागे सरकवलेले हेल्मेट आपल्याकडे रस्त्यावर सर्रास दिसते, आणि समोर पडणाऱ्याचे कपाळच आधी लागते. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली जुळावेत, हनुवटीखाली एक बोट शिरेल इतकाच ढिलेपणा असावा. जांभई दिली की हेल्मेट किंचित खाली ओढले गेले पाहिजे. मुलींच्या आणि महिलांच्या बाबतीत उंच अंबाडा किंवा वर बांधलेली पोनीटेल हेल्मेटला वर उचलते. केस मानेशी सैल बांधून मगच माप पाहावे.

आता मुलांचे हेल्मेट. कपडे आणि बूट वाढत्या अंगाचे घेण्याची आपली रीत चांगली आहे, तिने कित्येक घरांचे खर्च सांभाळले. थोरल्याचे धाकट्याला देण्याची रीतही तशीच. हेल्मेटला यातले काहीच लागू पडत नाही. सैल हेल्मेट पडण्याच्या क्षणी आधी सरकते, मग डोके लागते. म्हणजे खरेदीचा सगळा पैसा फुकट गेला. आणि थोरल्याने ते दोन वर्षांत किती वेळा जिन्यावरून टाकले, एकदा सायकलवरून पडला तेव्हा ते डोक्यावर होते की नाही, हे घरात कोणाला आठवत नसते. जोराचा फटका न बसलेले, पाच वर्षांच्या आतले आणि मापाला नेमके बसणारे असेल तर धाकट्याला जरूर द्यावे, पण या तिन्ही गोष्टी खात्रीने सांगता येतील अशी घरे थोडी. उत्पादनाची तारीख आतल्या चिठ्ठीवर असते. अमेरिकन आयोगाचा सल्ला पाच ते दहा वर्षांत हेल्मेट बदलावे असा आहे. घाम, ऊन आणि डोक्याचे तेल यांचा मारा पाहता आपल्याकडे पाच वर्षांचाच घसारा धरलेला शहाणपणाचा. दुकानात 'जुना स्टॉक, निम्मी किंमत' असे असेल तर त्याच तारखेकडे पाहून भाव करावा. व्यापाऱ्याला हे अधिक सांगायला नको.

लहान मुलांसाठी युरोपात ईएन १०८० नावाचे आणखी एक मानक आहे. त्यातील हेल्मेटचा चाप हिरवा असतो आणि विशिष्ट ओढ बसली की तो आपोआप सुटतो. सायकल चालवून झाल्यावर हेल्मेट न काढता मुले बागेतील शिडीवर, घसरगुंडीवर चढतात. तेथे हेल्मेट फटीत अडकून पट्ट्याने गळा आवळला गेल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर हे मानक आले. साध्या हेल्मेटच्या बाबतीत एकच दंडक पुरे : सायकल उभी केली की हेल्मेट काढायचे, मग खेळायला जायचे.

बर्फावर जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. गुलमर्गची गोंडोला १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत आणि २००५ मध्ये अफरवटच्या दिशेने सुमारे चार हजार मीटर उंचीपर्यंत पोहोचली. स्की, बूट, काठ्या तेथे भाड्याने मिळतात, हेल्मेटही मिळते. बाकीचे भाड्याने घ्यावे, हेल्मेट शक्यतो घरून न्यावे. भाड्याच्या हेल्मेटचा इतिहास कोणाला ठाऊक नसतो, आणि थंडीत उभे राहून माप पाहण्याइतका धीर कोणाजवळ नसतो. चेक-इनच्या सामानात ते आदळआपट सोसते, म्हणून हातातल्या पिशवीत ठेवावे. आत मोजे आणि हातमोजे भरले की जागाही वाया जात नाही. भाड्यानेच घेणे भाग पडले तर फोमवर अंगठा दाबून तडा किंवा खळगा आहे का ते पाहावे, चाप चार वेळा उघडून लावून पाहावा, १०७७ किंवा २०४० हा आकडा शोधावा.

स्कीचे हेल्मेट गॉगलसह बसवून पाहावे लागते. दोहोंच्या मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर तेथे गार वारा लागून डोके ठणकते. गॉगल हेल्मेटखाली दाबला गेला तर तो नाकावर सरकतो. चष्मा असेल तर तोही घालूनच माप पाहावे. आजीने विणलेली लोकरी टोपी आत घालून वर हेल्मेट चढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसे करू नये. हेल्मेटमध्ये उबेचे अस्तर असतेच, आणि टोपीच्या जाडीने ते वर उचलले जाऊन सैल होते. टोपी खाली हॉटेलात, चहाच्या वेळी. ज्यांना स्की नको, केवळ घसरगाडीवर बसायचे आहे, त्यांनाही हेच हेल्मेट लागते. घसरगाडीला तर वळवायला काठीसुद्धा नसते.

२००९ च्या त्या एकाच हिवाळ्यात दोन घटनांनी युरोप-अमेरिका हादरली. १ जानेवारीला ऑस्ट्रियातील उतारावर जर्मनीच्या थुरिंगिया राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री डीटर आल्टहाउस आणि एक महिला यांची धडक झाली. आल्टहाउस यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, ते गंभीर जखमी होऊन वाचले. त्या महिलेच्या डोक्यावर नव्हते, ती गेली. आल्टहाउस यांना पुढे निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी धरण्यात आले. दुसरी घटना मार्चमधील. कॅनडातील मों त्रांब्लां येथे अभिनेत्री नताशा रिचर्डसन नवशिक्यांच्या सौम्य उतारावर, शिकवणीच्या वेळी पडल्या. हेल्मेट नव्हते. त्या उठल्या, हसल्या, काही झाले नाही म्हणाल्या, आलेली रुग्णवाहिका परत गेली. काही तासांत कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये साचलेल्या रक्ताने मेंदूवर दाब आला आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. उतार सौम्य होता, वेग नव्हता, प्रशिक्षक शेजारी होता. 'आम्ही कुठे मोठे स्की करणार, थोडे घसरून येऊ' असे म्हणणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही दुसरी घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डोके आपटल्यावर डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा अवेळी झोप येऊ लागली, तर सहलीचा कार्यक्रम बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठावे. हेल्मेट होते की नव्हते, याने त्यात फरक पडत नाही.

मायकेल शूमाकर यांचे उदाहरण येथे नेहमी उलटे वापरले जाते. २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे ते स्की करताना पडले, डोके खडकावर आपटले. हेल्मेट घालूनही इतकी इजा झाली, मग त्याचा उपयोग काय, असे विचारले जाते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की हेल्मेट नसते तर ते रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचलेच नसते.

घरी आल्यावर निगा फार नाही. साध्या साबणाच्या पाण्याने पुसावे, सावलीत वाळवावे. पेट्रोल, थिनर, रंग यांचा स्पर्श होऊ देऊ नये. मुलांनी हौसेने लावलेल्या काही स्टिकरांचा डिंकही कवचाला खातो. बंद मोटारीत मागच्या काचेखाली ठेवलेले हेल्मेट एप्रिल-मेमध्ये भाजून निघते, वरून कळत नाही. आणि फटका बसून किंवा वयाने ते निकामी झाले की रद्दीबरोबर तसेच देऊन टाकू नये. भंगारवाल्याकडून ते पुसून-पासून दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या डोक्यावर चढते. देण्यापूर्वी कात्रीने त्याचे पट्टे मुळापासून कापून टाकावेत.